मोफत सर्व्हर, सामायिक आयपी आणि पहाटे पाचचा अंदाज

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातली. संगणकशास्त्रात पदवी घेतली, लग्नानंतर नोकरी सोडली, आता घरची द्राक्षबाग बघते. गेल्या फळछाटणीपासून टेलिग्रामवर एक बॉट (आपोआप मेसेज पाठवणारा प्रोग्राम) चालवते. आमच्या भागातल्या १४० बागायतदारांना रोज पहाटे पाचला पाऊस, आर्द्रता आणि तापमानाचा अंदाज जातो. त्यावर ते फवारणीचं ठरवतात. अंदाज एका मोफत हवामान एपीआयवरून (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागायची सोय) येतो आणि बॉट एका क्लाउड कंपनीच्या फुकट प्लॅनवर आहे. दर तासाला प्रत्येकाच्या बागेचा अंदाज मागवते, म्हणजे दिवसाला ३,३६० रिक्वेस्ट. सेवेची रोजची मर्यादा याच्या कितीतरी वर आहे. तरीही महिन्याभरापासून ४२९ ही एरर येते, पहाटे तर हमखास. एरर आली की कोड लगेच पाच वेळा पुन्हा मागतो, उपयोग होत नाही. घरच्या लॅपटॉपवरून तोच कोड चालवला की सगळं सुरळीत! एक मित्र म्हणतो, प्रॉक्सी (आपल्याऐवजी रिक्वेस्ट पाठवणारे मधले सर्व्हर) बदलत राहा. एका कृषी सेवा केंद्राने जाहिरात देऊ केली आहे, मी अजून हो म्हटलेलं नाही. महिन्याला पाचशे रुपये खर्च झेपेल. काय करू?

उत्तर:

ताई, तुमचा हिशोब बरोबर आहे आणि एररही खरी आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, ते आधी पाहू. ते कळलं की पुढचं बरंचसं काम तुम्ही स्वतःच कराल.

४२९ म्हणजे ‘फार जास्त रिक्वेस्ट आल्या’. २०१२ साली हा कोड एचटीटीपीच्या, म्हणजे वेबच्या संवादनियमांच्या, यादीत रीतसर आला. पण जास्त रिक्वेस्ट कोणाच्या, हे तो सांगत नाही. तुमची सेवा ‘की’ (वापरणाऱ्याला ओळखायचा गुप्त संकेत) मागत नाही, खातं मागत नाही. अशा सेवेला तुम्हाला ओळखायला एकच खूण उरते, ती म्हणजे रिक्वेस्ट ज्या आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या क्रमांकावरून, आली तो ॲड्रेस. आणि फुकट प्लॅनवर तो ॲड्रेस तुमच्या एकटीचा नसतो. त्याच डेटा सेंटरमधल्या कितीतरी लोकांचे कंटेनर (प्रोग्राम चालवायचे वेगळे कप्पे) एकाच नॅट गेटवेतून, म्हणजे सामायिक दारातून, बाहेर पडतात आणि बाहेरच्या जगाला सगळे मिळून एकच दिसतात. किराणा दुकानदाराने उधारीच्या वहीत माणसाचं नाव न लिहिता वाड्याचं नाव लिहावं, तसं झालंय. तुम्ही ३,३६० मागता. शेजारचा कोणी नवशिक्या प्रत्येक सेकंदाला मागत असेल, तर मर्यादा त्याने संपवली आणि नकार तुम्हालाही आला.

होस्टिंग कंपन्या असं का करतात, तर आयपीव्ही४ चे (आयपी ॲड्रेसच्या जुन्या, अजूनही सर्रास चालणाऱ्या पद्धतीचे) ॲड्रेस मुळात सुमारे ४३० कोटीच आहेत आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. आता त्यांना भाव आहे. ॲमेझॉनची एडब्ल्यूएस १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ ॲड्रेसचे तासाला ०.००५ डॉलर घेते. फुकट गिऱ्हाइकाला स्वतंत्र ॲड्रेस कोण देणार? हा प्रश्न हवामानापुरता नाहीच. गिटहब या कोड ठेवायच्या सेवेच्या एपीआयला टोकन (ओळखीची खूण) न देता विचारलं तर एका आयपीला तासाला ६० रिक्वेस्ट मिळतात, टोकन दिलं तर ५,०००. नोव्हेंबर २०२० मध्ये डॉकर हब या तयार सॉफ्टवेअरच्या भांडाराने लॉगिन न केलेल्यांना आयपीमागे सहा तासांत १०० पुलची (डाउनलोडची) मर्यादा घातली, तेव्हा सामायिक सर्व्हरवर बिल्ड चालवणाऱ्या टीम अशाच अडकल्या होत्या.

तुमच्याच पत्रात याचा पुरावा आहे. घरून सगळं चालतं, क्लाउडवरून अडतं. आणि एरर हवामानाचीच येते, टेलिग्रामबद्दल तुमची काही तक्रार नाही. टेलिग्राम बॉटच्या टोकनवर मोजतं, त्यामुळे तिथे शेजाऱ्यांचा तुम्हाला त्रास नाही. एक सावधगिरी मात्र घ्या. घरची तपासणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करत असाल तर तीही फसवी असू शकते, कारण मोबाइल कंपन्याही हजारो ग्राहकांना एका आयपीव्ही४ मागे बसवतात. शक्य असेल तर वायरच्या ब्रॉडबँडवरून तपासा.

आता दुसरी बाजू. शेजाऱ्यांनी सुरू केलेली गोष्ट तुमचा कोड चिघळवतोय. १४० ठिकाणं, प्रत्येकाची एक मूळ रिक्वेस्ट आणि नकार आला की लगेच आणखी पाच. म्हणजे १४० गुणिले ६, ८४० रिक्वेस्ट, त्याही मिनिटभराच्या आत. तुमच्या सेवेचं नाव मी पत्रातून गाळलंय, पण त्याच प्रकारच्या ओपन-मीटिओचे जाहीर नियम बघा: मिनिटाला ६००, तासाला ५,००० आणि दिवसाला १०,०००. दिवसाच्या मर्यादेच्या तुम्ही खूप आत आहात, पण त्या एका मिनिटात तुम्ही एकट्याच मर्यादा ओलांडता. नकार मिळालेली रिक्वेस्टसुद्धा कित्येक सेवा मोजतात. डिस्कॉर्ड या चॅट-सेवेचा नियम तर असा की एका आयपीवरून दहा मिनिटांत १०,००० चुकीच्या रिक्वेस्ट गेल्या, आणि ४२९ मिळालेल्याही त्यात धरतात, की तो आयपीच काही काळ बंद. तुमच्यासारखीच कोणी मुलगी त्याच ॲड्रेसवर बसून आपला बॉट का अडतोय म्हणून डोकं धरून बसलेली असेल. लगेच पुन्हा मागणारा कोड आजच काढा. बाकी सगळं नंतर.

पहाटेच का, याचं उत्तर मला वेळेत दिसतं. आपले पाच वाजतात तेव्हा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. तुमची सेवा दिवस यूटीसीने मोजत असेल, तर पहाटे पाच म्हणजे तिच्या दिवसाचा शेवटचा अर्धा तास. तोवर शेजाऱ्यांनी दिवसभराचा कोटा संपवलेला असणार. साडेपाचला नवा दिवस सुरू होतो आणि तुम्ही चहा घेऊन लॉग (प्रोग्रामची नोंदवही) बघायला बसता तेव्हा सगळं चालू झालेलं असतं.

हा तर्क खरा की खोटा, हे एका दिवसात कळेल. सध्या तुमचा कोड बहुधा फक्त ४२९ हा आकडा लिहून ठेवतो. त्याऐवजी उत्तराचा पूर्ण मजकूर, सगळे हेडर (उत्तरासोबत येणाऱ्या तपशिलाच्या ओळी), यूटीसीतली वेळ आणि त्या क्षणी बॉटचा बाहेरचा आयपी लॉगमध्ये लिहा. आयपी सांगणाऱ्या साध्या सेवा आहेत, दर रीस्टार्टला एकदा विचारलं की पुरे. मर्यादा मिनिटाची संपली, तासाची की दिवसाची, हे बऱ्याच सेवा मजकुरातच सांगतात. काही सेवा रिट्राय-आफ्टर नावाच्या हेडरमध्ये किती सेकंद थांबायचं ते देतात. मिनिटाची मर्यादा असेल तर दोष तुमच्या ८४० चा असू शकतो. दिवसाची असेल तर तुम्ही कितीही शहाण्यासारखं पुन्हा विचारा, साडेपाचपर्यंत काही मिळणार नाही.

खरा उपाय कमी मागण्यात आहे, आणि तुमच्या बाबतीत तो फार सोपा आहे. दर तासाला विचारून तुम्हाला नवं काय मिळतं? आपल्याकडचे असे अंदाज बहुतेक जागतिक मॉडेलांवरून येतात. अमेरिकेचं जीएफएस हे मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं: ००, ०६, १२ आणि १८ यूटीसी. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच, सकाळी साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकरा. त्यानंतर निकाल हाती यायला काही तास जातात. मधल्या वेळेत तुम्ही विचारता तेव्हा तोच जुना अंदाज पुन्हा उचलून आणता. चोवीस वेळांऐवजी चार वेळा विचारा.

दुसरं म्हणजे ठिकाणं. जीएफएसचा चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण २५ किलोमीटरचा. शेजारशेजारच्या दोन बागांसाठी दोन वेगळ्या रिक्वेस्ट पाठवल्या तरी मॉडेलला त्या दोन बागा वेगळ्या दिसतच नाहीत. अक्षांश-रेखांश दशांशचिन्हानंतर एका अंकापर्यंत आणा. म्हणजे साधारण ११ किलोमीटरचा चौकोन झाला. तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस आणि मिरजेचा काही भाग धरला तरी तुमचे १४० बागायतदार वीसेक चौकोनांत बसावेत. प्रत्येक चौकोनासाठी एक रिक्वेस्ट, दिवसातून चारदा, म्हणजे ८०. कुठे ३,३६० आणि कुठे ८०! उद्या एक हजार बागायतदार जोडले गेले तरी हा आकडा फारसा वाढणार नाही. डोंगरकडेच्या बागांचं तापमान वेगळं राहतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथे दोन अंक ठेवा. एकाच रिक्वेस्टमध्ये अनेक ठिकाणं मागण्याची सोय काही सेवांत असते, पण मोजताना ती एकच धरतील असं गृहीत धरू नका. नियम वाचा.

आणलेला अंदाज डेटाबेसमध्ये ठेवा आणि बॉट फक्त डेटाबेसमधूनच वाचू दे. कोणी बागायतदार दुपारी ‘आज पाऊस?’ विचारेल, तेव्हाही एपीआयला हात लावायचा नाही. अंदाज आणणारा कोड आणि अंदाज पाठवणारा कोड पूर्ण वेगळे करा. ही एक गोष्ट जमली की एपीआय तासभर बंद पडली तरी पाचचा मेसेज जाईल. मात्र हा डेटाबेस कंटेनरच्या आतल्या फाइलमध्ये ठेवू नका. फुकट प्लॅनवर रीस्टार्ट झाला की ती डिस्क बहुधा कोरी होते, आणि काही वेळ कोणी विचारलं नाही की कंटेनर झोपतो, मेमरीतलंही जातं. बाहेरचा छोटा पोस्टग्रेस डेटाबेस वापरा. वीस ओळींच्या तक्त्याला कोणताही फुकट डेटाबेस पुरतो.

वेळा अशा धरा. रात्री पावणेअकराच्या आसपास एकदा आणा. संध्याकाळच्या रनचा (मॉडेलच्या साडेपाचच्या फेरीचा) निकाल तोवर आलेला असतो. मग पहाटे सव्वाचारपासून पुन्हा प्रयत्न. रात्रीच्या रनमधले पुढच्या एक-दोन दिवसांचे तास तोवर बरेचसे आलेले असतात. मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर पाचला रात्रीचाच अंदाज पाठवायचा. आणि पावणेसहाला, कोटा नव्याने सुरू झाल्यावर, पुन्हा आणून बघायचं. पावसाचा आकडा लक्षणीय बदलला असेल तरच दुसरा मेसेज. क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय) लावताना सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे हे विसरू नका. आणि बरोबर तासाच्या ठोक्यावर काहीही लावू नका. अर्ध्या जगाचे क्रॉन शून्य मिनिटाला सुटतात. सतरा, तेवीस, बेचाळीस असं आडवं मिनिट निवडा.

पुन्हा प्रयत्न करायचा तोही थांबत थांबत. रिट्राय-आफ्टर असेल तर तेवढं थांबायचं, त्याआधी नाही. नसेल तर एक मिनिट, मग दोन, मग चार, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडे यादृच्छिक सेकंद मिसळायचे. ते का, तर एकाच ॲड्रेसवरचे सगळे बॉट एकाच वेळी नकार खातात आणि सगळे बरोबर एका मिनिटाने परत धडकले तर पुन्हा सगळ्यांनाच नकार. चार प्रयत्न पुरे. वीस चौकोनांपैकी पहिल्यालाच दिवसाची मर्यादा संपल्याचं उत्तर आलं तर उरलेल्या एकोणीसांसाठी विचारूच नका.

एवढं करून कोटा दुसऱ्यांनीच संपवला, तर रिक्वेस्ट ८० असोत की आठ, नकार यायचा तो येईलच. म्हणून तुम्हाला स्वतःची ओळख हवी. तिचे तीन मार्ग आहेत.

सगळ्यांत सरळ म्हणजे पैसे भरून की घेणं. मग मोजणी कीवर होते, आयपी कोणाचाही असो. पण तुमच्या पाचशे रुपयांत ती बसेल असं मला वाटत नाही, निदान जाहिरात नसताना.

दुसरा मार्ग स्वतःचा आयपी. इथे एक चूक टाळा: आहे त्याच क्लाउडवर स्थिर ॲड्रेससाठी नॅट गेटवे घेऊ नका. एडब्ल्यूएसवर नुसत्या नॅट गेटवेचं भाडं महिन्याला तीस डॉलरच्या वर जातं. त्याऐवजी छोटा व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) घ्या. डिजिटलओशनचा सर्वांत लहान ड्रॉपलेट (त्यांच्या व्हीपीएसचं नाव) महिन्याला ४ डॉलरला मिळतो आणि त्याला स्वतःचा आयपीव्ही४ असतो. तुमच्या पाचशेत बसतो. घेतल्यावर लगेच तपासा, कारण तो ॲड्रेस आधी दुसऱ्या कोणाकडे होता आणि त्याने तो कसा वापरला हे तुमच्या हातात नाही. नकार येत असेल तर तो मोडून दुसरा घ्या. आणखी स्वस्त हवं असेल तर घरचा जुना लॅपटॉप चालेल. तो दिवसातून चारदा अंदाज आणून डेटाबेसमध्ये टाकेल, बॉट आहे तिथेच राहील. ब्रॉडबँडचा आयपी तुमच्या घराचाच असेल तर हे अगदी व्यवस्थित चालतं. पण भारनियमनाचा विचार करा. पहाटे वीज नसेल तर त्याचा भरवसा नाही. मी व्हीपीएसच घेईन.

तिसरा मार्ग अशा सेवेचा, जी ओळख वेगळ्या तऱ्हेने विचारते. नॉर्वेच्या हवामान संस्थेची, मेट नॉर्वेची, एपीआय जगभरासाठी खुली आहे. तिला की लागत नाही, पण प्रत्येक रिक्वेस्टच्या यूजर-एजंट या हेडरमध्ये तुमच्या ॲपचं नाव आणि संपर्क लागतो. तो नसेल किंवा लायब्ररीचा ठरावीक असेल तर ती ४०३ (प्रवेश नाकारला) देते. मर्यादा सगळ्या ॲपची मिळून सेकंदाला २० आहे. तिथे किती वेळाने परत यायचं हे एक्स्पायर्स हेडर सांगतं आणि ते पाळावं अशी त्यांची अपेक्षा असते. तुमच्या ८० रिक्वेस्टसाठी ही सेवा दुसरा स्रोत म्हणून फार चांगली आहे. फक्त दोन स्रोतांचे आकडे एकमेकांत मिसळू नका. ज्या दिवशी दुसरीकडून आणलं त्या दिवशी मेसेजमध्ये तसं लिहा.

मित्राला प्रॉक्सीबद्दल नाही म्हणा. सेवा फुकट चालवणाऱ्याने घातलेली मर्यादा चुकवण्यासाठी वेश बदलून जायचं, हे मला पटत नाही. आणि व्यवहारानेही ते वाईट आहे. फुकटचे प्रॉक्सी म्हणजे आणखी जास्त लोकांनी वापरून बदनाम झालेले आयपी. तुमचा डेटा त्यांच्यामधून जाणार, आणि जोडणी एचटीटीपीएसने सुरक्षित नसेल तर मध्येच कोणी आकडा बदलला तरी कळणारही नाही. पाच खोटी खाती काढणंही त्यातच आलं. तुमची गरज ८० वर आली आहे. इतक्या कमी गरजेला लपूनछपून जायचं कारणच उरत नाही.

टेलिग्रामच्या बाजूला एक छोटी गोष्ट. तिथे एकूण सेकंदाला तीसेक मेसेजपर्यंत चालतं. १४० मेसेज एका दमात सोडू नका, सेकंदाला दहा सोडा. चौदा सेकंदांत सगळे जातील. तिथेही नकार आला तर उत्तरात किती सेकंद थांबायचं ते दिलेलं असतं.

प्रत्येक मेसेजच्या वरच लिहा: ‘हा अंदाज काल रात्री १०:४५ ला आणलेला आहे.’ हे मी आग्रहाने सांगते. फुलोऱ्यात बाग असताना पावसाचा अंदाज चुकला तर गळ-कूज होते, डाऊनी या रोगाचं औषध वेळेत बसत नाही. त्या माणसाला आपल्या हातातली माहिती किती जुनी आहे हे कळायलाच हवं. एरर आली म्हणून मेसेजच न पाठवणं किंवा जुना अंदाज ताजा म्हणून पाठवणं, दोन्ही त्याच्यावर अन्याय आहे. बारा तासांपेक्षा जुना झाला तर पावसाचा आकडा देऊच नका, ‘आज अंदाज मिळाला नाही’ असं सरळ लिहा.

राहिली जाहिरात. ओपन-मीटिओची मोफत सेवा बिगर-व्यावसायिक वापरापुरतीच आहे, आणि जाहिरात किंवा वर्गणी घेतली की तो वापर व्यावसायिक ठरतो. तुमच्या सेवेचा नियम वेगळा असेल, पण तो वाचल्याशिवाय हो म्हणू नका. पैसे घेतलेत तर त्यातून आधी की घ्यायची. तेवढे पैसे जाहिरातीतून निघत असतील तर सामायिक आयपीचा प्रश्न कायमचा मिटतो, हा त्यातला मोठा फायदा. माझी अडचण वेगळी आहे. औषधं विकणाऱ्याची जाहिरात ‘उद्या पाऊस, आर्द्रता ९० टक्के’ या ओळीखाली आली, की वाचणाऱ्याच्या मनात अंदाजाबद्दलच शंका येते. पाचला उठून लोक तुमचा मेसेज उघडतात ते विश्वासावर. द्राक्ष बागायतदारांच्या गटाने किंवा सोसायटीने वर्षाची की घेऊन दिली तर मला ते जास्त आवडेल. माणशी फार कमी येतं. मात्र बागायतदारांकडून वर्गणी म्हणून घेतलेत तरी वापर व्यावसायिक ठरू शकतो. सेवेला आधी ईमेल करून विचारा, तुम्ही काय करता ते चार ओळींत सांगा. ओपन-मीटिओ आणि मेट नॉर्वे दोन्हींचा डेटा श्रेय देण्याच्या अटीवर खुला आहे, तेव्हा मेसेजच्या तळाशी स्रोताचं नाव हवंच. की मिळाली तर ती सर्व्हरच्या सेटिंगमध्ये (एन्व्हायर्न्मेंटमध्ये) ठेवा, कोडबरोबर गिटहबवर चढवू नका.